किटलीबाईंचं शेवटचं कडवं

सोमवार, ३ मार्च

बोलता बोलता ज्यांच्या समोरची माणसं उठून गेली, अशा माझ्या तमाम वक्ते बंधू-भगिनींनो! आपलं दुःख एकच आहे. आपल्याला शेवटपर्यंत कुणी ऐकून घेत नाही. आपण मुद्द्याला हात घालतो न घालतो, तोच कुणाची बस निघते, कुणाचं मूल रडतं, कुणी घड्याळाकडे बघतं. हा अन्याय आहे, आणि याविरुद्ध आजवर एकही ठराव झालेला नाही.

दैनंदिनीची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळतं. पण मला दुसरी सुरुवात येत नाही. वही ताईनं दिली. म्हणाली, "भाऊ, जे बोलायचंय ते आधी इथे लिहून काढत जा. म्हणजे मला दुपारी जरा पडता येईल."

ताईला सध्या पडूनच राहायचं आहे. गेल्या आठवड्यात पायरीवरून घसरली आणि पाय मोडला. प्लास्टर मांडीपर्यंत. शिवणकारखान्याच्या जेवणाच्या खोलीत, पाळी सुटल्यावर, ती कामगारांचा वर्ग घेते. ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली ते बाहेरून शालान्त परीक्षेला बसतात, त्यांना भाषा शिकवते. परीक्षा २४ तारखेला, आणि बाई खाटेवर. मी म्हणालो, मी शिकवतो.

ताईनं छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "शिकवशील रे. पण त्यांना बोलू देशील?"

हा काय प्रश्न झाला? कामगाराला आवाज मिळावा म्हणून मी युनियनच्या व्यासपीठावर उभा जन्म काढला. त्यांना मी बोलू देणार नाही?

चहाची किटली आज पुन्हा करपली. चहा ठेवून मी परवाच्या तासाची प्रस्तावना म्हणून बघत होतो, तर जळका वास. हल्ली भांड्यांची बुडं पातळ करतात; नफेखोरी थेट आपल्या शेगडीपर्यंत पोचली आहे. ताई स्वयंपाकघरात होती तोवर हीच किटली कधी करपली नव्हती. धातू थकतो असं मी कुठेतरी वाचलंय.

बुधवार, ५ मार्च

पहिला तास. यश!

लांब टेबलं, भिंतीवर डब्यांचे खण, सगळ्या खोलीला मशीनच्या तेलाचा वास. वर्गात डझनभर माणसं. तिघं लक्षात राहिली. कात्रीमावशी, कापड कापायच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या, नातवंडांबरोबर परीक्षेला बसणार. इस्त्रीवाला, जिभेनं तिखट. आणि काजवाली: शर्टांची काजं करते, म्हणून कारखान्यात हेच नाव. तिशीच्या आतबाहेरची, डोळे चमकदार. तिला नर्सिंगला जायचंय. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची. आत्ता पास झाली तर झाली, नाहीतर काजं आहेतच.

मी शिक्षणाच्या इतिहासापासून सुरुवात केली. मग म्हणालो, "थोडक्यात सांगतो." हे शब्द ऐकताच काय सांगू, वर्गाचे चेहरे एकदम उजळले! सगळे एकमेकांकडे बघू लागले. काजवालीनं तर तोंडाला रुमाल लावला. अशी उत्सुकता मी कुठल्या सभेत पाहिली नव्हती. भुकेली आहेत माणसं, ज्ञानाला भुकेली.

घरी येऊन ताईला सांगितलं. तिनंही तोंडावर पांघरूण घेतलं. थंडी वाजत असावी.

शुक्रवार, ७ मार्च

आज कविता. परीक्षेत पुस्तकाबाहेरची एक कविता देतात आणि तिच्यातला विनोद, अलंकार वगैरे विचारतात. सरावासाठी ताईनं मागेच एक कविता छापून वर्गात वाटली होती. कवीचं नाव नाही. इथे उतरवून ठेवतो:

किटलीबाई बसल्या वरती,
कपांची सभा जमली भवती.
‘ऐका! ऐका!’ झाकण खणखण,
‘थोडक्यात मी करते भाषण!’

सूं सूं करुनी सूर लागला,
खदखद खदखद शब्द सांडला.
वाफ एवढी, छप्पर उडले,
ढग घाबरुनी मागे दडले.

बशी म्हणाली, ‘चहा कधी गं?’
कप कुजबुजला, ‘बसू किती गं?’
किटली म्हणते, ‘एकच मुद्दा!
थोडक्यात हं, अजूनसुद्धा!’

सांज लोटली, कपही निजले,
चमचे उठुनी घरास गेले.
वळून पाही: थेंब न उरला,
बूड करपले, मुद्दा सरला.

तरी बशी ती हळूच हसली,
काळ्या बुडास घासत बसली:
‘उद्या पुन्हा गं भाषण कर तू,
पाणी थोडे जास्तच भर तू!’

वरवर पाहता पोरकट. पण मी वाचलेला माणूस आहे, मला फसवणं सोपं नाही. मी वर्गाला सांगितलं, ही कविता हसण्यावारी नेऊ नका. किटली म्हणजे कष्टकरी. खालून आग लावणारा कोण, हे कवी भीतीपोटी सांगत नाही. छप्पर उडलं म्हणजे व्यवस्था हादरली. कप म्हणजे आयतं पिणारे. आणि किटली करपली म्हणजे श्रमिकाचा देह जळाला!

राहिलं शेवटचं कडवं. ते मला पटलं नाही. एवढा वणवा पेटल्यावर ही बशी कुठून आली घासायला? हा तडजोडवाद आहे. कुणीतरी मागाहून चिकटवलेलं गुळमट शेपूट. मी सगळ्यांना ते कडवं पेनानं खोडायला लावलं. कात्रीमावशी म्हणाल्या, "सर, बाईंनी दिलंय ते." मी म्हणालो, बाईंनी दिलं म्हणून पवित्र होत नाही. खोडा.

मग समारोपाला म्हणालो, "थोडक्यात सांगतो," आणि काजवाली फुटली. हसू दाबायचा प्रयत्न करत होती, तो फसला. टेबलावर डोकं ठेवून हसली. तिच्यामागून सगळी खोली.

कष्टकऱ्याच्या जळण्यावर कष्टकऱ्यांनीच हसावं! मला राहवलं नाही. तिला थोडं कडक बोललो. वर्गाला शिस्त लागते ती अशी.

शनिवार, ८ मार्च

ताईनं विचारलं, "कविता झाली?"

"झाली. अर्थ काढून हातात दिला."

"आणि हसले का?"

"हसले. मी थांबवलं."

ताईनं उशी सरकवली. मग म्हणाली, "शेवटचं कडवं आवडलं?"

"खोडायला लावलं."

"बरं," ताई म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. पायात कळ आली असावी. मी गोळी आणून दिली. तिनं घेतली नाही.

मंगळवार, ११ मार्च

काजवाली आली नाही.

वर्ग इतका शांत की डब्यांच्या खणातली एक झाकणी पडली तर सगळे दचकले. शांत वर्ग हे माझं स्वप्न होतं. मग बरं का वाटेना? मी प्रश्न विचारला, "अनुप्रास म्हणजे काय?" कुणी बोललं नाही. इस्त्रीवाल्याला उठवलं, तर म्हणाला, "माहीत आहे सर, पण चुकून हसू आलं तर?"

तास सुटल्यावर कात्रीमावशी थांबल्या. "सर, ती आता यायची नाही."

"कडक बोललो म्हणून? शिक्षक बोलतोच."

"काय बोललात ते आठवतंय का?"

मी म्हणालो, शब्दशः कुठलं आठवायला. मावशींनी शब्दशः सांगितलं. आवाज न चढवता, माझ्याकडे न बघता, कडेला पडलेल्या चिंध्या गोळा करत. मग पिशवी उचलून गेल्या.

ते शब्द इथे लिहायचे होते. हात चालत नाही.

बुधवार, १२ मार्च

लिहितो. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी चौकात उभा राहून ओरडून सांगितलं असतं.

मी तिला म्हणालो, "ज्यांना गरिबाच्या जळण्यावर हसू येतं, त्यांनी पुस्तकं खाली ठेवावीत आणि जन्मभर काजं करत बसावं. तेवढीच त्यांची लायकी."

मी. सुई चालवणाऱ्या हाताला सलाम करा, असं ज्यानं मैदानं भरभरून सांगितलं, तो मी. मालकाच्या तोंडून हे वाक्य आलं असतं तर मी कारखाना बंद पाडला असता. तिच्या कामाचं नाव मी शिवीसारखं वापरलं, तेही तिच्याबरोबर दिवसभर राबणाऱ्यांसमोर, ती जिथे डबा खाते त्या टेबलाशी.

प्रवेशपत्रं माझ्याकडे आली आहेत. प्रत्येकानं समक्ष येऊन सही करून न्यायची, २१ तारखेपर्यंत. तिचं पत्र वरच आहे. फोटोत ती हसते आहे. फोटोसाठी हसू नका असं सांगतात ना? तरी हसते आहे.

शनिवार, १५ मार्च

तिच्या घरी जाऊन आलो. माफी मागायला. तयारी करून गेलो होतो, म्हणजे तीन भागांत.

कारखान्याच्या मागची गल्ली, दुसरा मजला, दारात चपला नीट लावलेल्या. दार तिनंच उघडलं. मला बघून पदर सावरला, "या" म्हणाली नाही. मी उंबऱ्यापाशीच सुरुवात केली. माणूस चुकतो, विशेषतः तळमळीचा माणूस. मग माझ्या तळमळीचं मूळ सांगितलं. मग व्यासपीठावरच्या दिवसांतला एक प्रसंग, कारण त्याशिवाय मुद्दा उभा राहत नाही.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आहे गं? निवडणूक लागली का?"

"नाही आई. सर आहेत."

"मग आत घे की. आख्खी गल्ली ऐकतेय."

"ते बोलतायत."

"बोलून झालं की सांग म्हणावं."

मी दुसऱ्या भागाकडे वळलो. ती मधेच म्हणाली, "सर, मी दूध ठेवलंय." मी म्हणालो, एकच मिनिट, शेवटचा मुद्दा. त्याच वेळी आतून फस्स असा आवाज आला, सासूबाई ओरडल्या, आणि ती आत पळाली. सगळं दूध उतू गेलं होतं. शेगडी विझली होती. ती फडक्यानं पुसायला लागली, आणि मी दारात उभा, तिसरा भाग तोंडात घेऊन.

"या आता, सर," ती आतूनच म्हणाली.

माफी मागायची राहून गेली. म्हणजे प्रस्तावना झाली, पार्श्वभूमी झाली, ते वाक्य राहिलं. दुधाची वेळ नेमकी आडवी आली. मला हल्ली कुणी पूर्ण बोलूच देत नाही.

सोमवार, १७ मार्च

आज जे झालं ते उभ्याउभ्या लिहितोय.

किटली पुन्हा करपली. तिसऱ्या भागाची नवी मांडणी म्हणत होतो, वास आला, पळालो. पाणी आटून बूड काळं ठिक्कर. ताई आतून म्हणाली, "भाऊ, खिडकी उघड." बाकी काही नाही.

मी तारेची घासणी घेतली आणि मोरीपाशी बसलो. घासलं. निघेना. राख लावून घासलं, नखं काळी झाली. आतल्या बाजूला, जरा वर, जुन्या काळपटाच्या पुसट रेघा दिसल्या. एकाखाली एक. या आधीच्या. कितीतरी आधीच्या. म्हणजे किटली ताईच्या हाताखालीही करपत होती. म्हणजे मी करपवत होतो. आणि मी बाहेरच्या खोलीत येरझारा घालत भाषण पाठ करत असताना, इथे, याच ओल्या फरशीवर बसून, कुणीतरी ती घासून पुन्हा चकचकीत करत होतं. मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

‘काळ्या बुडास घासत बसली.’

घासणी हातातून पडली. जगातल्या सगळ्या पुस्तकांचा अर्थ सांगत फिरणारा मी, मला चार ओळींच्या कडव्यातलं माझंच घर ओळखता आलं नाही.

तशाच काळ्या हातांनी ताईच्या खोलीत गेलो. तिनं हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "निघालं का?"

"ताई, कविता तुझी आहे."

"हो."

"किटली मी."

"आता सांगितलंस म्हणून कळलं," ताई म्हणाली. मग तिला हसू आलं, पाय हलला, कळ आली, आणि ती एकाच वेळी हसायला आणि कण्हायला लागली. "अरे, किटलीला माणूस केलं तेव्हाच तुला कळायला हवं होतं, की मुळात कुठल्यातरी माणसाची किटली केलीय. चेतनगुणोक्ती, चेतनगुणोक्ती म्हणून फळ्यावर लिहिलंस ना?"

"आणि वर्गाला माहीत होतं?"

"मी पडायच्या आधीच वाचली होती त्यांच्यासमोर. आमच्या घरची किटली आहे म्हणाले होते. मग तू स्वतःच गेलास शिकवायला. त्यात पहिल्याच दिवशी..."

"‘थोडक्यात सांगतो’ म्हणालो."

"काय केलं असेल रे बिचाऱ्यांनी!"

माझे कान तापले. ते उजळलेले चेहरे. तो रुमाल. मी त्याला ज्ञानाची भूक म्हणालो होतो. वहीत तसं लिहून ठेवलंय.

"मला सांगितलं का नाहीस? इतकं टोचत होतं तर सरळ सांगायचं. छप्पर उडवलंस, ढग पळवलेस. एवढा माझा आवाज आहे?"

"भाऊ, जेवढं आहे तेवढंच लिहिलं असतं तर ती तक्रार झाली असती. तुला लागलं असतं, आणि मला लिहिताना रडू आलं असतं. म्हणून वाढवलं. छप्पर उडालं की तक्रार उरत नाही, माणसाला हसता येतं. अतिशयोक्ती त्यासाठीच असते."

मी जन्मभर अतिशयोक्ती केली ती लोकांना पेटवायला. कुणाला लागू नये म्हणून ती करता येते, हे मला ठाऊकच नव्हतं.

"आणि मी शेवटचं कडवं खोडायला लावलं," मी म्हणालो.

ताई भिंतीकडे वळली नाही या वेळी. "त्याचं राहू दे. मी परत लिहीन. त्या पोरीला काय म्हणालास ते मावशींनी मला फोन करून सांगितलंय. ते मला परत लिहिता यायचं नाही."

मंगळवार, १८ मार्च

कविता पुन्हा वाचली. मोठ्यानं नाही. ओठ मिटून, असं मी कधी वाचत नाही.

ते पालुपद बघत बसलो. ‘थोडक्यात’ पहिल्यांदा येतं तेव्हा आपण विश्वास ठेवतो. दुसऱ्यांदा येतं तेव्हा किटलीशिवाय सगळ्यांना कळलेलं असतं. कविता तिथे थांबते, पण मी वर्गात तिसऱ्यांदा म्हणालो. कवितेनं मोकळी ठेवलेली जागा मी स्वतः जाऊन भरली. काजवाली हसली ती गरिबीवर नाही, माझ्या अज्ञानावरही नाही. विनोद बरोबर जागी येऊन पडला आणि तिला तो कळला. म्हणजे वर्गात कविता कळलेली ती होती, आणि तिला मी लायकी सांगितली.

हसू यायच्या आधी कवी बाजूला होतो. ‘चमचे उठुनी घरास गेले’ एवढंच म्हणतो. ते किती वाईट दिसलं, किटलीला काय वाटलं, काही सांगत नाही. मी असतो तर चमच्यांवर ठराव मांडला असता.

गुरुवार, २० मार्च

पुन्हा त्या दारात. या वेळी काही पाठ केलं नव्हतं.

तिनं दार उघडलं.

मी म्हणालो, "तुमच्या कामाचं नाव घेऊन मी तुमचा अपमान केला. चूक माझी. तुम्ही हसलात ते बरोबर होतं."

आणि थांबलो.

थांबणं किती अवघड असतं! तोंडात पुढची वाक्यं रांगेत उभी होती, एकेक धक्का देत. मी दात मिटून उभा राहिलो. खाली कुणीतरी सायकल लावली. तिनं विचारलं, "आणि?"

"आणि काही नाही."

आतून सासूबाई, "गेले का गं?"

"नाही आई, आहेत. गप्प उभे आहेत."

"गप्प? अगंबाई! पाणी दे त्यांना, बरं नसेल."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण ती हसली नाही. मी हसण्याची वाट बघत होतो, हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याचीही लाज वाटली. माफी मागायला आलेला माणूस टाळीची वाट बघत होता.

मग ती बोलली, हळू, चौकटीवरून बोट फिरवत. "सर, मी रागावून घरी बसले नाही. राग असता तर येऊन भांडले असते. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले, आणि प्रत्येक काजाला तुमचं ते वाक्य. संध्याकाळपर्यंत वाटायला लागलं, खरंच असेल. सर एवढे शिकलेले, त्यांना दिसत असेल. नर्सिंगबिर्सिंग आपलं उगाच. दोन दिवसांनी पुस्तकं मी शेजारणीच्या मुलीला देऊन टाकली."

या वेळी थांबावं लागलं नाही, शब्दच संपले.

"प्रवेशपत्र उद्यापर्यंत न्यायचं आहे," एवढं बोललो.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि दार लावलं. आपटलं नाही. लावलं.

शुक्रवार, २१ मार्च

तास सुरू झाला तेव्हा ती नव्हती. मी वर्गाला म्हणालो, "मी कविता चुकीची शिकवली. ज्या बाईंना मी बोललो त्यांनाच ती कळली होती. जे कडवं खोडायला लावलं ते परत लिहून घ्या. ती कविता माझ्यावर आहे, आणि ते कडवं माझ्या बहिणीचं आहे."

कुणी हसलं नाही. आत्ता खरं तर हसायला हवं होतं. इस्त्रीवाल्यानं हात वर केला. "सर, एक विचारू? आम्ही खोडलंच नव्हतं. पेन्सिलीनं बारीक रेघ मारली होती, तुम्हाला दिसावी इतकीच."

तेवढ्यात ती दारात दिसली. पुस्तकं छातीशी धरलेली. शेजारणीकडून परत मागून आणली असणार. माझ्याकडे न बघता आपल्या जागी गेली. प्रवेशपत्रावर सही केली. मी खडू टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "कविता कुणीतरी वाचा. मी मागे बसतो."

कात्रीमावशींनी तिला कोपरानं ढकललं. ती उठली. सुरुवात पुटपुटत केली. मग ‘झाकण खणखण’पाशी जरा सैल झाली, आणि ‘बसू किती गं?’ तिनं असं वाचलं, इतक्या कंटाळलेल्या कपासारखं, की सगळी खोली हलली. ‘एकच मुद्दा!’ म्हणून ती थांबली. किती थोडं थांबली! मी टाळीसाठी थांबतो तेव्हा छाती पुढे काढून थांबतो. ती श्वास घेण्याइतकी थांबली, आणि मग साळसूदपणे, ‘थोडक्यात हं, अजूनसुद्धा!’

माणसं टेबलं बडवून हसत होती. मी मागच्या बाकावर, डब्यांच्या खणांपाशी. मला हसू आलं नाही, खोटं का लिहू. मी एकेक हसू ऐकत होतो आणि हिशेब लागत होता, कुठल्या कुठल्या सभेतले चेहरे तेव्हा काय सांगत होते.

शेवटचं कडवं तिनं हळू वाचलं. तिथे कुणी हसलं नाही. कात्रीमावशींनी नाक ओढलं. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसलो.

जाताना ती टेबलापाशी थांबली. "सर, ‘पाणी थोडे जास्तच भर तू’ यात विनोद आहे की माया आहे? परीक्षेत काय लिहायचं?"

मला उत्तर येत होतं. मोठं येत होतं. मी म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं?"

तिनं विचार केला. "दोन्ही. वेगळं काढता येत नाही." आणि गेली. माझ्याकडे अजून सरळ बघितलेलं नाही. बघावं असा माझा हक्कही नाही.

सोमवार, २४ मार्च

परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत गेलो होतो. सगळे होते. इस्त्रीवाला म्हणाला, "सर, दोन शब्द?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी म्हणालो, "पेन नीट चालतंय का बघा." एवढंच. कात्रीमावशींनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

काजवाली सगळ्यांत शेवटी बाहेर आली. पेपरात कविता एका गाढवावर होती, ते आरशासमोर गाणं म्हणतं. विनोद स्पष्ट करा, असा प्रश्न. "लिहिलं?" मी विचारलं. "लिहिलं. उदाहरण घरचं होतं," ती म्हणाली, आणि तेव्हा एकदा, ओझरतं, माझ्याकडे बघितलं. पास होईल की नाही, मला माहीत नाही. नाही झाली तर माझ्या त्या वाक्यानं खाल्लेले दिवस तिला कुणी परत देणार नाही. व्यासपीठावरून नाही, वहीतूनही नाही.

घरी आलो. चहा ठेवला. पाणी जास्त घातलं. आणि शेगडीपाशी उभा राहून, गप्प, त्याला उकळी यायची वाट बघितली. सूं सूं असा आवाज येतो आधी. ताईनं तो बरोबर पकडलाय. आला की उतरवायचं असतं. इतके दिवस मी तो माझ्याच आवाजाखाली कधी ऐकला नव्हता.

ताईला कप दिला. तिनं घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फिक्का झालाय."

"पाणी जास्त झालं."

"असू दे," ताई म्हणाली आणि पिऊन टाकला.

तर माझ्या वक्ते बंधू-भगिनींनो, आपल्यासमोरची माणसं उठून जातात हा अन्याय नाही. त्यांचं दूध शेगडीवर असतं. आणि आपलंही काहीतरी आतल्या खोलीत जळत असतं, जे कुणीतरी न बोलता घासत बसलेलं असतं. यावर मला अजून पुष्कळ सांगायचं आहे. थोडक्यात सांगतो.

उठा, आत जा, आणि गॅस बंद करा.